स्वागत समारंभातलं संगीत : निवड कशी करावी?



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांच्या चेहऱ्यावर हसू उमटलेलं आम्हाला इथून दिसतं आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने, लग्नाच्या रिसेप्शनला डीजे बोलवावा की बासरीवाला, यावर बोलावं हे गमतीचं वाटणं साहजिक आहे. पण तत्त्वज्ञानाचं एक साधं काम असतं. वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली गोळा झालेल्या असल्या, तर त्या सोडवून निरनिराळ्या ठेवायच्या. लग्नघरात संगीतावरून जे वाद होतात ते वरवर पाहता आवडीनिवडीचे दिसतात, पण बरेचदा ते अशाच गुंत्यातून झालेले असतात. म्हणून हा विषय आपण घेतला.

दुसरंही कारण आहे. या निवडीत खरोखर काही तरी पणाला लागलेलं असतं. असं समजा, पंच्याऐंशी वर्षांची आत्या सांगलीहून पुण्याला लग्नाला येते. सकाळी निघालेली असते, अंग आंबलेलं असतं. हॉलमध्ये पाऊल टाकल्यापासून तिच्या कानांवर गाणी आदळत असतात. भाचेसून जवळ येऊन काही विचारते, आत्याला तिचे ओठ हललेले दिसतात. ती मान डोलावते, हसते, जेवते आणि परतीच्या गाडीत बसते. धड एक वाक्यही बोलणं झालेलं नसतं. पुढच्या लग्नाला ती असेल की नसेल, कुणी सांगावं? ती भेट गेली ती गेलीच. फोटोत मात्र सगळे हसताना दिसतात.

विधीत ठरलेलं, रिसेप्शनमध्ये न ठरलेलं

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे लग्नविधीतला प्रत्येक आवाज काही तरी सांगत असतो. दारात सनई-चौघडा वाजला की घरात कार्य आहे, हे गल्लीला कळतं. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात म्हणतात. त्याची चाल लहानपणापासून कानात बसलेली असल्यामुळे, चरण कुठे संपणार आणि अक्षता कधी टाकायच्या, हे पाचशे माणसांना कुणी न सांगता कळतं. शेवटचं ‘सावधान’ झालं की वाजंत्री एकदम उसळते. मागे खांबाआड उभ्या असलेल्या माणसाला काही दिसलेलं नसतं, पण माळ घातली गेली हे त्याला कानांनी कळतं. म्हणजे वाजंत्रीचं तिथे काम आहे. ते काम ठरलेलं आहे, वेळ ठरलेली आहे, आणि किती वेळ वाजवायचं तेही जवळपास ठरलेलं आहे. तिथे निवडीचा प्रश्न फारसा येत नाही.

रिसेप्शन म्हणजे स्वागत समारंभ, हा त्या मानाने नवा प्रकार. त्याला पोथी नाही, मुहूर्त नाही, भटजी नाही. तिथे घडतं काय? वधू-वर स्टेजवर उभे असतात. पाहुणे रांगेत उभे राहतात, आशीर्वाद देतात, पाकीट किंवा पुष्पगुच्छ देतात, फोटो काढतात, खाली उतरतात, ओळखीची माणसं शोधतात, हातात ताट घेऊन गप्पा मारतात आणि निघतात. समारंभ तीन तासांचा असला तरी एकेक पाहुणा तिथे तास-दीड तास असतो. हा वाहता समारंभ आहे. नाटकाला बसावं तसे सगळे एका वेळी बसलेले नसतात.

विधी नाही म्हटल्यावर आवाजाला ठरलेलं काम उरलं नाही. मग ती जागा भरायची कशाने? जे मिळेल त्याने भरली जाते. कार्यालयवाला म्हणतो, आमच्या पॅकेजमध्ये डीजे आहेच. मामा म्हणतात, माझ्या ओळखीचा ऑर्केस्ट्रा आहे. मुलगी म्हणते, माझी प्लेलिस्ट तयार आहे. तिघांपैकी कुणीही हा प्रश्न विचारत नाही, की या संगीताकडून आपल्याला काम काय करून घ्यायचं आहे?

संगीताची तीन कामं

आमच्या मते समारंभातल्या संगीताची तीन वेगवेगळी कामं असतात. एक, ऐकण्याचं संगीत. दोन, सोबतीचं संगीत. तीन, नाचण्याचं संगीत.

ऐकण्याचं संगीत तुमचं लक्ष मागतं. गायक समेवर येतो तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर हवे असता. त्याला शांतता लागते, बसायला खुर्ची लागते आणि समोर तोंड करून बसलेली माणसं लागतात. सोबतीचं संगीत लक्ष मागत नाही. उदबत्तीचा वास जसा खोलीत असतो तसं ते असतं. गप्पांमध्ये खंड पडला तर ते जाणवतं, गप्पा सुरू झाल्या की मागे सरतं. नाचण्याचं संगीत तुमचं अंग मागतं. त्याला मोठा आवाज हवा, ठळक ठेका हवा, मोकळी जागा हवी आणि न नाचणाऱ्यांना तिथून दूर जाता आलं पाहिजे.

संगीताच्या कामांचा विचार जुना आहे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या पुस्तकात हाच प्रश्न घेतला आहे. संगीत कशासाठी? विरंगुळ्यासाठी, स्वभाव घडवण्यासाठी, की निवांत वेळ चांगल्या रीतीने घालवण्यासाठी? आपल्या आजच्या कामाचं त्यातलं एवढंच, की एकाच शब्दाखाली अनेक हेतू असतात आणि ते वेगळे ओळखावे लागतात.

त्याच्या गुरूचं, म्हणजे प्लेटोचं ‘सिम्पोझियम’ आठवा. अगाथॉन नावाच्या नाटककाराच्या घरी मेजवानी आहे. जेवण झाल्यावर एरिक्सिमाकस नावाचा वैद्य सुचवतो, की वाद्य वाजवायला आलेल्या मुलीला जाऊ द्या. तिने हवं तर स्वतःसाठी वाजवावं, नाही तर आतल्या बायकांना ऐकवावं. आपण आज बोलू या. आणि मग प्रेम या विषयावरची ती जगप्रसिद्ध भाषणं होतात. इथे संगीताला कुणी वाईट म्हटलेलं नाही. आज आपल्याला बोलायचं आहे, एवढंच त्या वैद्याने ओळखलं.

उलट्या बाजूचं उदाहरण पॅरिसमधलं आहे. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने ‘फर्निचर संगीत’ अशी एक कल्पना मांडली. खुर्ची-टेबलासारखं नुसतं असणारं, लक्ष न मागणारं संगीत. १९२० साली नाटकाच्या मध्यंतरात त्याने ते वाजवून घेतलं, आणि लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की याकडे लक्ष देऊ नका. पण वादकांनी सुरुवात करताच लोक गप्प होऊन ऐकू लागले. साती बिचारा फिरून फिरून सांगत होता, बोला हो, हिंडाफिरा, ऐकू नका! यातून आपण काय घ्यायचं? समोर जिवंत माणूस वाजवतो आहे म्हटल्यावर सभ्य माणसाला त्याच्याकडे पाठ करणं जड जातं. रिसेप्शनला गायक बोलावताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या सनईचा प्रवास तर दोन्ही टोकांना शिवणारा आहे. देवळाच्या, गडाच्या नगारखान्यात सनई वाजायची ती वरच्या मजल्यावरून, दूरच्या माणसांसाठी. ती वेळेची आणि मंगलतेची खूण होती, कुणी मांडी घालून ऐकत नसे. तेच वाद्य उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी मैफिलीच्या मंचावर आणून बसवलं आणि रसिक ते कान देऊन ऐकू लागले. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं. वाद्य एकच, पण काम बदललं म्हणून जागा, वेळ आणि ऐकणाऱ्याची बैठक, सगळं बदललं.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. एकाच तीन तासांत, एकाच स्पीकरमधून, ही तिन्ही कामं आपण एकदम मागतो. सुगम संगीताचा गुणी गायक बोलावतो, तेव्हा काम मनात असतं ऐकण्याचं. त्याला स्टेजच्या कडेला कोपऱ्यात बसवतो, तेव्हा काम देतो सोबतीचं. समोर पाणीपुरीचा स्टॉल असतो. लोक बोलतात म्हणून साउंडवाला आवाज वाढवतो, आणि आवाज होतो नाचण्याचा. शेवटी गायकाला कुणी ऐकलेलं नसतं, गप्पा झालेल्या नसतात आणि नाचलेलंही कुणी नसतं. पैसे मात्र तिन्हींचे गेलेले असतात.

क्षेमेंद्राची कसोटी

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र नावाचा पंडित होऊन गेला. ‘औचित्यविचारचर्चा’ हा त्याचा ग्रंथ. काव्याचा प्राण कशात आहे, यावर त्याचं उत्तर आहे : औचित्यात. दागिना कितीही मोलाचा असो, कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर हसू होतं, असा त्याचा दृष्टांत आहे. दागिन्यात खोट नसते, जागा चुकलेली असते.

ही कसोटी आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. डीजे वाईट आणि सतार चांगली, असं आम्ही म्हणत नाही. त्या वादात पडूच नये. वरातीत नाचणाऱ्या भाच्यापुढे सतार ठेवली तर तीही गळ्यातला कमरपट्टाच ठरेल. रिसेप्शनचं मुख्य काम कोणतं, हे आधी ठरवा. आमचं उत्तर असं, की रिसेप्शनचं मुख्य काम भेट हे आहे. दोन घरांची माणसं एकमेकांना दिसावीत, बोलावीत, नावं कळावीत, जुन्या ओळखींना पाणी घातलं जावं. तसं असेल तर समारंभाचा मोठा भाग सोबतीच्या संगीताचा असला पाहिजे. बाकीच्या दोन्हींना मानाची जागा द्या, पण वेळ नेमून द्या.

कानाला पापणी नसते

यात एक नैतिक मुद्दा आहे. स्टेजची सजावट आवडली नाही तर पाहुणा दुसरीकडे बघतो. पदार्थ आवडला नाही तर ताटात घेत नाही. आवाजाचं तसं नाही, कारण कानाला पापणी नसते. इमॅन्युएल कांट यांनी १७९० च्या आपल्या ग्रंथात संगीतावर एक मार्मिक आक्षेप घेतला आहे. ते म्हणतात, संगीतात शिष्टाचाराची जरा उणीव आहे; ज्यांनी मागितलं नाही अशा शेजाऱ्यांवरही ते स्वतःला लादतं. खिशातून अत्तराचा रुमाल काढला की आजूबाजूच्या सगळ्यांना तो वास घ्यावाच लागतो, तसं. संगीताविषयी कांट थोडे कठोर होते असं आम्हाला वाटतं, पण हे निरीक्षण बिनतोड आहे.

आपल्या कायद्यालाही ते मान्य आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५ आहे. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवतीचं शंभर मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून राखता येतं. तिथे ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. मध्यरात्रीपर्यंतची जी सवलत ऐकू येते, ती राज्य सरकारने सणा-उत्सवांसाठी जाहीर केलेल्या, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवसांपुरती असते. बंद हॉलमध्ये आतल्या आत वाजवायला मुभा आहे; पण आपल्याकडची बरीच रिसेप्शन्स लॉन्सवर होतात आणि लॉन्सला भिंती नसतात. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितलं, की एकाला बोलायचा हक्क आहे तसा दुसऱ्याला न ऐकण्याचाही हक्क आहे. म्हणजे कांट यांचा रुमाल आपल्याकडे कायद्यातही आला म्हणायचा.

डेसिबल हे माप फसवं असतं, तेही समजून घेऊ. साठाचे सत्तर झाले म्हणजे सहाव्या हिश्श्याने वाढ झाली, असं नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. समोरासमोर उभं राहून आपण नेहमीसारखं बोलतो ते साधारण ६० डेसिबलच्या आसपास. आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये तो नोंदवला. रिसेप्शनमध्ये होतं काय? संगीत वाढतं म्हणून लोक ओरडतात, लोक ओरडतात म्हणून साउंडवाला मिक्सरवर बटण वर सरकवतो. दोघंही एकमेकांवर चढत जातात, आणि साडेआठला हॉलचा बाजार झालेला असतो.

यात सर्वांत आधी हरतात ती वयस्कर माणसं. वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी होतं, आणि स, श, फ, त यांसारखी व्यंजनं ओळखू येण्यासाठी तेच आवाज लागतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘आवाज येतोय रे, पण शब्द कळत नाही.’ गोंगाटात ही अडचण कितीतरी वाढते. श्रवणयंत्र असलं तरी ते नको असलेला आवाजही वाढवतं. आम्ही स्वतः सत्तरी ओलांडलेली आहे, तेव्हा हा मुद्दा आम्ही थोडा हक्काने मांडतो.

आणि वाढप्यांचा विचार करा. पाहुणा तासाभरात निघून जातो, पण स्पीकरशेजारच्या काउंटरवर उभा असलेला मुलगा पूर्ण संध्याकाळ तिथेच असतो, आणि लगीनसराईत रोज असतो. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्याविषयीच्या ‘नायोश’ या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. यजमानाची जबाबदारी फक्त निमंत्रितांपुरती नसते.

प्रत्यक्ष निवड

आता व्यवहाराकडे येऊ.

सोबतीच्या संगीतासाठी बासरी, संतूर, सतार, व्हायोलिन, सरोद यांपैकी एक वाद्य आणि तबला पुरेसा होतो. शब्द नसल्यामुळे ते गप्पांच्या आड येत नाही. कारण शब्द ऐकू आले की मेंदू ते समजून घ्यायला धावतो, मग समोरच्याचं बोलणं निसटतं. रागांची पारंपरिक वेळ पाळायची तर संध्याकाळच्या समारंभाला यमन, भूप, पुढे बिहाग हे छान जमतात. सनईची ध्वनिमुद्रिका लावून देताना संध्याकाळी साडेसातला सकाळचा भैरव सुरू होतो, आणि शंभरातल्या दोघा-तिघांच्या कपाळाला आठ्या पडतात. बाकीच्यांचं काही बिघडत नाही हे खरं, पण योग्य निवड करायलाही तेवढेच कष्ट पडतात, मग ती का करू नये?

वादक परवडत नसतील तर ध्वनिमुद्रित संगीत लावण्यात काही कमीपणा नाही. हलक्या आवाजात लावलेली चांगली यादी, कुणी न ऐकलेल्या जिवंत गायकापेक्षा कितीतरी बरी. मात्र यादी करताना गाण्याचे शब्द वाचा. मराठी आणि हिंदी दोन्हींत गोड चालीची किती तरी गाणी विरहाची, ताटातुटीची, फसवणुकीची आहेत. चालीवर भुलून ती लग्नात लावली जातात.

कॉपीराइटबद्दल नेहमी विचारतात. १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातल्या वाजवण्याला सूट आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात वरात आणि विवाहाशी निगडित इतर सामाजिक समारंभही धरले आहेत. २०२३ साली केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. पण व्यावसायिक जागांच्या बाबतीत यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. म्हणून परवान्याचं काय, हे हॉलवाल्याला आधीच विचारून लेखी घ्यावं.

ऐकण्याचं संगीत हवं असेल तर वीस मिनिटं द्या, पण खरी द्या. त्या वेळात रांग थांबवा, वधू-वरांनाही खुर्चीवर बसू द्या, पंखे-काउंटर सोडून सगळ्यांना पुढे बोलवा. कोपऱ्यातल्या तीन तासांपेक्षा मधोमध मिळालेली वीस मिनिटं कलावंताला जास्त आवडतात. एका लग्नात एका तरुण गायिकेशी आमचं बोलणं झालं. ती म्हणाली, लोक ऐकत नाहीत याचं तिला वाईट वाटत नाही. पण ऐकणार नाही हे माहीत असूनही लोक तिला फर्माईश करतात, त्याचं वाटतं. आम्हाला यात आजच्या विषयाचं सार दिसलं. जे काम द्यायचं तेच सांगा. सोबतीसाठी बोलावत असाल तर सुपारी देतानाच तसं सांगा. बहुतेक वादक त्याला तयार असतात आणि तशीच तयारी करून येतात. विसार किती, उरलेली बिदागी कधी, साउंड चेकला वेळ कोणती, मध्ये विश्रांती कधी, आणि त्यांच्या जेवणाची सोय काय, हेही तेव्हाच ठरवा. कलावंत उपाशी ठेवून पाहुण्यांना बासुंदी वाढणं शोभत नाही.

नाचण्याचं संगीत शेवटच्या तासाला ठेवा, आणि शक्य असेल तर वेगळ्या जागेत. तोपर्यंत वडीलधारी मंडळी जेवून निघालेली असतात. डीजेला दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. दहाला बंद म्हणजे दहाला बंद; आणि आवाजाबद्दल घरातल्या एकाच माणसाचं ऐकायचं. नाही तर चार भाऊ चार सूचना देतात आणि त्यातली सर्वांत मोठ्या आवाजाचीच पाळली जाते.

स्पीकरची मांडणी हा दुर्लक्षित भाग. स्टेजजवळ दोन अजस्र स्पीकर ठेवले की पुढच्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना नुसतं घुमलेलं ऐकू येतं. उघड्यावर लहान स्रोतापासून अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंती आवाज परतवतात, त्यामुळे तेवढाही उतरत नाही. म्हणून चार-सहा लहान स्पीकर सगळीकडे विखरून, कमी आवाजात लावावेत. जेवणाच्या जागेत आणि ज्येष्ठांच्या खुर्च्यांजवळ एकही नको. तपासायची रीत सोपी आहे. दोन माणसांनी दोन हातांच्या अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात एकमेकांना गावाचं नाव विचारावं. ‘काय?’ असं म्हणावं लागलं, तर आवाज जास्त आहे. ही तपासणी हॉल भरल्यावर पुन्हा करावी.

परदेशात राहणारी मुलं तिकडच्या लग्नांवरून इकडचा कार्यक्रम आखतात, तेव्हाही गडबड होते. अमेरिकेतल्या रिसेप्शनला सहसा पाहुण्यांना टेबलं नेमून दिलेली असतात, सगळे एका वेळी जेवतात, भाषणं होतात, मग नाच. तिथे डीजे हा पुष्कळदा निवेदकही असतो. बसलेल्या समारंभाला ते शोभतं. आपला समारंभ वाहता आहे. साडेसातला आलेला सव्वाआठला निघतो. त्याला नवाच्या पहिल्या नाचाचं काय?

निर्णय कुणाचा?

शेवटचा प्रश्न अवघड आहे. मुलं म्हणतात, लग्न आमचं, गाणी आमची. वडील म्हणतात, पाहुणे आमचे. दोघंही खरं बोलतात, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. कोणतं गाणं, हा आवडीचा प्रश्न आहे आणि तो वधू-वरांचा. किती मोठ्याने, किती वेळ आणि कुठे, हा पाहुणचाराचा प्रश्न आहे आणि तो यजमान या नात्याने सगळ्या घराचा. त्यात ज्याच्या कानांना सर्वांत कमी सोसतं, त्याला धरून ठरवावं. जिना कुणासाठी आणि उतार कुणासाठी, याचा विचार आपण कार्यालय निवडताना करतो, तसंच हे.

दोन घरांच्या भाषा वेगळ्या असतील तर सरमिसळ करण्यापेक्षा वेळ वाटून घ्यावी. मुलगी तमिळ घरातली असेल तर पहिला अर्धा तास नादस्वर असू द्या. पण तेही उघड्यावरचं, मोठ्या आवाजाचं वाद्य आहे, म्हणून ते प्रवेशदारी शोभेल, जेवणाच्या टेबलाशेजारी नव्हे.

श्रोत्यांमधून प्रश्न : घरच्याच मंडळींनी गायलं तर चालेल का?

चालेल काय, उत्तमच. काकूंनी तीन मिनिटं गायलं तर लोक ऐकतात, कारण तिथे ते गाण्याइतकेच काकूंना ऐकत असतात. ती पण एक भेटच असते. फक्त संख्या आवरा. तीन जण गायले तर आनंद, अकरा जण गायले तर शिक्षा.

श्रोत्यांमधून प्रश्न : सर, इतका हलका आवाज ठेवला तर समारंभ सुना वाटणार नाही का?

पहिली दहा मिनिटं वाटेल. हॉल रिकामा असतो तेव्हा शांतता बोचते, म्हणून तर आपण आवाज वाढवतो आणि नंतर कमी करायला विसरतो. त्या दहा मिनिटांत घाबरू नका. पन्नास माणसं आली की त्यांच्या बोलण्याचाच एक आवाज तयार होतो. हसणं, हाका मारणं, ‘अगं, तू किती बदललीस!’ हे सगळं त्यात असतं. लग्नघर भरल्याची खूण तीच. संगीत त्याच्या खालच्या पट्टीत राहिलं, तर सांगलीहून आलेल्या आत्याला चार शब्द बोलता येतील, आणि ऐकताही येतील.

इथे थांबू या. नमस्कार.